डेट्रॉइटची भिंत आणि मुंबईतल्या सोसायट्या

मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत मराठी माणसाला घर नाकारल्याची बातमी आली की काही दिवस संताप उसळतो, आणि त्यावर ठरलेले उत्तर येते की सोसायटी खासगी असून कोणाच्या शेजारी राहायचे हे सभासदांनीच ठरवायचे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या मला हे उत्तर मान्य नाही, कारण हे शहर याच युक्तिवादाच्या आडोशाने दुभंगले.

शहराच्या उत्तर हद्दीवर, एट माइल रोडजवळ, सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत अजून उभी आहे. १९४१ मध्ये एका बिल्डरला कृष्णवर्णीयांच्या वस्तीलगत गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. परंतु गृहकर्जांना सरकारी हमी देणारी फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अशा शेजाराला जोखीम मानत असे. मध्ये भिंत घातली गेली, तेव्हा हमी मिळाली. शेजाऱ्यांची नावड होतीच, पण तिला बळ सरकारी कागदाने दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर याच हमीच्या आधारे गोरी कुटुंबे हप्त्यांवर उपनगरांत घरे घेत गेली. ब्लॅक बॉटमसारख्या दाटीच्या वस्त्यांत उरलेल्या कृष्णवर्णीयांची घरे आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटवरची दुकाने पुढे महामार्गासाठी पाडण्यात आली.

ज्यांची ऐपत होती त्यांनाही सुटका नव्हती. ऑर्सेल आणि मिनी मॅगी या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४४ मध्ये घर घेतले, तेव्हा तिथे फक्त गोऱ्यांनीच राहावे या नोंदणीकृत करारावर बोट ठेवून शेजारी न्यायालयात गेले आणि मिशिगनमध्ये जिंकलेही. वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात, नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल यांनी मॅगींची बाजू मांडली. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की करार खासगी असला तरी त्याची अंमलबजावणी करणारे न्यायालय हे शासनच आहे, आणि शासनाला वंशभेद करता येणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००५ मध्ये अहमदाबादच्या एका सोसायटीचा केवळ पारशांना सभासदत्व देणारा उपविधी संघटनेच्या स्वातंत्र्याच्या आधारे वैध ठरवला. ज्या सोसायटीची नोंदणी निबंधक करतो आणि जिचे उपविधीही तोच मंजूर करतो, ती निव्वळ खासगी कशी?

१९४८ च्या निकालाने डेट्रॉइट बदलले नाही, हेही सांगायला हवे. गोऱ्यांच्या गल्लीत राहायला आलेल्या कुटुंबांच्या खिडक्या फुटत राहिल्या. १९६७ च्या जुलैत ४३ माणसे दंगलीत मेली. घरांच्या विक्रीत आणि भाड्यात भेदभावाला बंदी करणारा संघीय कायदा १९६८ मध्ये आला, तोवर गोरे मोठ्या संख्येने वेशीबाहेर गेले होते. ट्रॉय किंवा नोव्हाय या उपनगरांत शाळा पाहून घर घेणारी आपली मराठी कुटुंबे त्याच वेशीच्या या बाजूला राहतात, आणि ते घर आपल्याला नाकारता येत नाही ते कृष्णवर्णीयांनी झगडून मिळवलेल्या कायद्यामुळे.

म्हणून केवळ मराठी माणसासाठी संरक्षण मागणे मला अपुरे वाटते. तोच नकार मुसलमानाला धर्म विचारून आणि दलिताला आडनाव विचारून रोज मिळतो, पण त्यावर मोर्चा निघत नाही. सहकार कायद्यात धर्म, जात, भाषा किंवा आहार यांवरून घर नाकारणाऱ्या समितीला दंड करणारी आणि तसा उपविधी रद्द ठरवणारी तरतूद हवी, आणि विधानसभेत ती सर्वांच्याच नावाने मागितली जायला हवी.