पन्नास हजारांच्या त्या फॉरवर्डला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय. तरुण मंडळातून भजनी मंडळात, तिथून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपात. मजकूर थोडक्यात असा: घरबसल्या ब्लॉग काढा, तीन महिन्यांत महिन्याला पन्नास हजार सुरू. रोज एक पोस्ट टाकायची. लिहिता येत नसलं तरी चालतंय, एआय लिहून देतो. मराठीत मात्र लिहू नका, आपल्या भागात मराठीला मार्केट नाही. शंभर ग्रुपांत लिंक टाका. बॅकलिंकचं (दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडं येणाऱ्या लिंकांचं) पॅकेज घ्या, गुगलवर पहिला नंबर हमखास. आणि तळाला कोर्सची फी आणि मोबाइल नंबर.

आधी पैशाचं बघू, कारण हा मेसेज त्यासाठीच वाचला जातो.

आपल्या पानावर गुगलच्या जाहिराती लावायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, याला अ‍ॅडसेन्स म्हणतात. त्यांच्या मान्य भाषांत मराठी आहे, तेव्हा मराठी ब्लॉगला दमडी मिळत नाही हे खरं नाही. पण किती मिळतं? हजार वेळा पान उघडलं की एक डॉलर, असं धरून चालू. साध्या मराठी ब्लॉगसाठी हा अंदाज सढळ हातानंच केलाय. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर पन्नास हजारांना ५८८ डॉलर लागतात. म्हणजे महिन्याला ५ लाख ८८ हजार वेळा, दिवसाला साडेएकोणीस हजार वेळा तुमचं पान उघडलं जायला हवं. नव्या ब्लॉगवर पहिले काही महिने घरचे, मित्र आणि चुकून आलेले एवढेच असतात.

शिवाय पैसे हातात पडायची एक रीत आहे, ती मेसेजमध्ये नाही. कमाई १० डॉलरला पोचली की गुगल तुमचा पत्ता तपासायला टपालानं एक पिन पाठवतं. तो यायला दोन ते चार आठवडे जातात. चार महिन्यांत पिन भरला नाही तर पानावरच्या जाहिराती बंद होतात. आणि १०० डॉलर साठेपर्यंत बँकेत काही येत नाही. (आपल्या गल्ल्यांत घर मालकाच्या आडनावावर ओळखलं जातं आणि ब्लॉग भाडेकरूच्या पोराचा असतो, तेव्हा पोस्टमनला आधी सांगून ठेवलेलं बरं.) तीन महिन्यांत ते पिनचं पाकीट जरी आलं तरी ब्लॉग झकास चाललाय म्हणायचं.

वेबसाइटचा पैसा बहुतेकदा दुसऱ्याच वाटेनं येतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कास्टिंग-मशिनिंगच्या युनिटला महिन्याला पाच लाख वाचक घेऊन काय करायचेत? पुण्याच्या एखाद्या पर्चेस मॅनेजरनं पान उघडावं आणि त्याला तिथं दिसावं की इथं कोणता ग्रेड ओततात, किती किलोपर्यंतचं कास्टिंग निघतं, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, केवढा जॉब बसतो, तपासणीला काय साधनं आहेत. अशी एक चौकशी ऑर्डरपर्यंत गेली की वेबसाइटचा वर्षाचा खर्च कुठल्या कुठं निघून जातो. प्रत्यक्षात पानावर काय असतं? ‘गुणवत्ता हेच आमचं ब्रीद’, हात मिळवणारे दोन परदेशी साहेब, आणि मालकांच्या सत्काराचा फोटो. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात लोक येतात, तिथल्या होम-स्टेवाल्याचंही असंच. खोल्या किती, जेवणात काय, रस्ता कुठपर्यंत चांगला, रेंज कोणत्या कंपनीची येते, हे चार ओळींत लिहिलं तर फोन येतो. आणि दुकान छोटंच असेल तर वेबसाइटच्या आधी गुगलच्या नकाशावर नोंद करा. ती फुकट आहे, फोटो-वेळा-नंबर तिथंच दिसतात. पुष्कळांचं काम तेवढ्यातच भागतं.

आता ‘मराठीला मार्केट नाही’. या वाक्यावर जरा थांबतो, कारण हे मेसेज लिहिणाराच नव्हे, शिकलेली माणसंही म्हणतात.

२०११ च्या जनगणनेत देशात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. बेळगाव जिल्ह्याच्या ४७ लाख ७९ हजार लोकांत साधारण पाचातला एक मराठी. पण नुसत्या डोक्यांच्या मोजणीनं काही ठरत नाही. कोण काय शोधतोय आणि त्याचं उत्तर आधी कुणी लिहून ठेवलंय का, यावर सगळं ठरतं. ‘कोणता मोबाइल घ्यावा’ यावर इंग्रजीत, हिंदीत पानांचा ढीग पडलाय. त्या ढिगात तुमचं पान कोण बघणार?

उलट आपल्याकडच्या माणसाचे प्रश्न बघा. जमीन कर्नाटकात, शाळा मराठीतली, आणि हातात आलेला उतारा, म्हणजे आरटीसी, कन्नडमध्ये. त्यात नवव्या रकान्यात खातेदाराचं नाव असतं. अकराव्यात कर्ज, बोजा, इतर हक्क. बाराव्यात कसणारा आणि पीक. सोसायटीचं कर्ज फेडून झालं तरी अकराव्या रकान्यातली नोंद तशीच राहिली, हे कन्नड न येणाऱ्या शेतकऱ्याला कधी कळतं? जमीन विकायला काढली की. एका उताऱ्याचा फोटो घ्या, नावं झाका, प्रत्येक रकान्यावर आकडा टाका. छापलेला कन्नड शब्द जसाच्या तसा कन्नडमध्ये लिहा, शेजारी त्याचा उच्चार आणि अर्थ मराठीत. नोंद कमी करायला कोणता कागद घेऊन कुठं जायचं, तेही लिहा. हे पान वर्षानुवर्षं वाचलं जाईल, आणि मुंबई-पुण्यातला कुठलाही ब्लॉगर ते लिहू शकत नाही. त्याच्याकडं हा कागदच नाही.

दुसरा प्रश्न प्रवेशाचा. महाराष्ट्र कर्नाटकातल्या ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, तिथल्या मराठी मुलांना महाराष्ट्रातल्या सीईटीच्या प्रवेशांत सीमाभागाचा वेगळा गट आहे. त्याला मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो, सीमाभागातल्या शाळेतून परीक्षा पास झाल्याचं दाखवावं लागतं. २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजनाही या ८६५ गावांना लागू झाली. पण माझं गाव यादीत आहे का, दाखला कुणाच्या सहीचा, कोणत्या नमुन्यात? दर उन्हाळ्यात बारावीच्या मुलांचे आईबाप हे विचारत फिरतात आणि प्रत्येकाला उत्तर वेगळं मिळतं. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून, वर तारीख टाकून, कुणी एक पान नीट ठेवलं तर त्याला कुठल्या ग्रुपात लिंक टाकायची गरज पडायची नाही.

हलके विषयही आहेत. बेळगावच्या कुंद्याची, म्हणजे त्या दुधाच्या मिठाईची, रेसिपी शोधली तर पानंच पानं निघतात. पण कुंदा पुण्याला न्यायचा तर किती दिवस टिकतो, फ्रीजमध्ये ठेवावा का, हे रोज विचारलं जाणारं नीट लिहिलेलं सापडत नाही.

‘मराठी चालत नाही’ असं वाटायला एक कारण मात्र खरं आहे. आपली मराठी गुगलला दिसतच नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, किती गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. निमंत्रण डीटीपीवाल्याकडून श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टात तयार होतं, त्याचा जेपीजी काढला जातो आणि तो ग्रुपांत फिरतो. अध्यक्षांचं भाषण छापील पुस्तिकेत. पुढच्या वर्षी कुणी शोधलं तर काहीच हाती लागत नाही. उत्साही पोरगं ती डीटीपीची फाईल मागून आणतं, ब्लॉगवर पेस्ट करतं, तर पानावर उमटतं कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची रांगोळी. कारण जुन्या फॉन्टात पडद्यावर ‘क’ दिसला तरी आत साठलेलं अक्षर भलतंच असतं. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडात, म्हणजे सगळीकडं सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, आणायचा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासायचे, कारण तिथं हमखास मोडतोड होते. काम कंटाळवाणं आहे. पण दहा वर्षांची भाषणं अशी चढवली तर त्या विषयावर तुमच्याशिवाय दुसरं पानच नसेल.

भाषेबद्दल हेही सांगायला हवं की सगळं मराठीतच लिहा असा माझा हट्ट नाही. फाउंड्रीचं पान इंग्रजीतच हवं, गिऱ्हाईक ते वाचतं. बेळगावच्या शहापुरातल्या साडीवाल्यानं मराठीबरोबर कन्नडही ठेवावं. त्याच्या दुकानात निम्मी बोलणी कन्नडमध्येच होतात, मग वेबसाइटवरच सोवळं कशाला? आणि बेळगाव शहराचं अधिकृत नाव २०१४ मध्ये बेळगावी झालं तरी शोधणारे जुनं-नवं दोन्ही टाईप करतात, तेव्हा दोन्ही पानात सहज येऊ द्यावीत.

‘रोज एक पोस्ट, एआय लिहून देतो.’ ही दोन वाक्यं जोडीनंच येतात, कारण रोज लिहिण्यासारखं कुणाकडंच नसतं. रोज पोस्ट टाकली म्हणून गुगल वर ढकलत नाही. एआय वापरला म्हणून खालीही ढकलत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत गुगलनं तसं सांगितलंय. पण मार्च २०२४ पासून त्यांच्या नियमांत हेही आहे की केवळ शोधात वर यायला ढिगानं तयार केलेली निरुपयोगी पानं म्हणजे स्पॅम, मग ती यंत्रानं लिहिलेली असोत की माणसानं. आणि गुगल राहू दे बाजूला, आपला वाचक काय म्हणेल? ढीग काढणाऱ्याला तपासायला वेळ नसतो. गोकाकचा धबधबा मलप्रभेवर आहे असं छापून आलं की पहिल्याच ओळीत पत गेली. तो घटप्रभेवर, मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. महिन्यात दोनच पानं लिहा आणि जुनी पानं बदलत्या नियमांप्रमाणं दुरुस्त करत राहा. एआयकडून शुद्धलेखन तपासून घ्या, त्याला माझी ना नाही.

शंभर ग्रुपांचं गणित तर व्हॉट्सअ‍ॅपनंच मोडलंय. भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड जातं आणि फार फिरलेला मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण येते ती वेगळीच. तरी समजा, हातानं पेस्ट करत टाकल्या लिंका. सकाळच्या सुप्रभातांखाली त्या दुपारपर्यंत गडप. ‘लाईक सगळे करूलेत, वाचूलाय कोण?’ हा प्रश्न विचारून बघा.

व्हॉट्सअ‍ॅप सोडून द्या असं मी म्हणत नाही, आपल्या भागात वाचन तिथंच चालतं. पण उताऱ्याचं पान शेतकरी सोसायटीच्या ग्रुपात टाका, आणि नुसती लिंक नको. वर दोन ओळींत उत्तर, मग ‘सविस्तर इथं’. प्रवेशाचं पान चार मराठी शाळांच्या हेडमास्तरांना पाठवा. पुढं काय करायचं ते हेडमास्तर बघतील. आणखी एक, लिंक दाबल्यावर पान उघडायला हवं. फोनमधून काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर खानापूरच्या जंगलभागात, जिथं रेंजच एक कांडी असते, वाचणारा वैतागून परत जातो. फोटो दीडशे केबीवर आणा; डोळ्यांना फरक कळतसुद्धा नाही.

बॅकलिंक पॅकेजबद्दल फार बोलायला नको. दुसऱ्या साइटवरून आपल्याकडं आलेल्या लिंकला गुगल किंमत देतं हे खरं, त्यांची मूळ कल्पनाच ती. म्हणून विकत घेतलेल्या लिंका त्यांच्या नियमांत स्पॅम ठरतात. गुगलनं २०१२ मध्ये शोधाच्या क्रमवारीत केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलानं अशा साइटी खाली गेल्या. २०१६ पासून अशा लिंका बहुतेकदा मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे थेट पाण्यात. विकिपीडियावर आपली लिंक घुसवण्यातही अर्थ नाही, तिथल्या बाहेरच्या लिंकांना २००७ पासून नोफॉलोची, म्हणजे ‘ही लिंक मोजू नका’ अशी, खूण असते. आणि पहिल्या नंबराची हमी? ती कुणीच देऊ शकत नाही असं खुद्द गुगलच लिहितं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मध्येच सांगतो. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेताना तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर घ्या. साइट बनवून देणारा पोरगा बंगळूरला नोकरीला लागला आणि रिन्यूअलचा मेल त्याच्या जुन्या आयडीवर पडून राहिला, की नाव हातचं जातं.

राहिला कोर्स. त्यात शिकवायचं बरंचसं गुगलच्याच मार्गदर्शिकेत फुकट आहे. गुगलचं सर्च कन्सोल हे साधनही फुकट: लोकांनी काय शोधल्यावर तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, कितींनी उघडलं, सगळं त्यात येतं. ‘बोजा कमी करणे अर्ज’ असं शोधून लोक तुमच्या उताऱ्याच्या पानावर येताना दिसले की पुढचा लेख कशावर लिहायचा ते कळलं. तरीही कोर्स करावासा वाटला तर फी भरण्याआधी त्या नंबरवर फोन करा आणि म्हणा, तुमच्या स्वतःच्या ब्लॉगचं सर्च कन्सोल आणि अ‍ॅडसेन्सचं खातं समोर बसून उघडून दाखवा. स्क्रीनशॉट घेऊ नका, तो कुणीही बनवतं.