आयतं बीळ

"अरे, सिरियलचा कोड तयार आहे की! फोल्डर उचल, तुझ्या प्रोजेक्टमध्ये टाक. अर्ध्या तासाचं काम," सर म्हणाले. चिपसाठी प्रोग्राम लिहिण्याच्या आमच्या धंद्यात 'अर्ध्या तासाचं काम' म्हणजे 'आता माझ्या टेबलापासून हल', एवढाच अर्थ. तरी मी खूश झालो. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कोणाला नको असतं?

सिरियल म्हणजे वायरीवरून एकामागून एक बिट पाठवून बोर्डाने कॉम्प्युटरशी बोलणं. त्याची फाइल उघडली. ६४० ओळी. पहिलीच कॉमेंट : 'चालू कोड. हात लावू नये.' मी मनोभावे हात जोडले आणि बिल्ड केलं, म्हणजे कंपायलरकडून कोड चिपच्या भाषेत उतरवायला घेतला. ३८ वॉर्निंग आल्या. चालू कोडच्या वॉर्निंग म्हणजे वडीलधाऱ्यांची कुरकुर. ऐकल्यासारखं करायचं आणि पुढे जायचं. तसा गेलो. (इथे जो गेलो तो तिसऱ्या दिवशी परतलो.)

मला हवी होती एक सी फाइल. तिने आपलं हेडर (सोबतची जोडफाइल) आणलं, त्या हेडरने एलसीडीचं आणलं, एलसीडीने तारीख-वेळेचं. माझ्या बोर्डाला एलसीडी नाही, आणि तारखेचं मला तेव्हा भानही नव्हतं. सगळ्यांना वाटेला लावलं. मूळ कोड ३२ बिटांच्या ऐसपैस चिपसाठी लिहिलेला, माझी एटीमेगा३२८पी, ८ बिटांची छोटी चिप. त्यामुळे रजिस्टरांची (चिपमधल्या कप्प्यांची) नावं बदलावी लागणार हे ठाऊकच होतं. बदलली. मग दिसले बफर, म्हणजे बाइट थांबायच्या खोल्या. येणाऱ्या बाइटसाठी १०२४, जाणाऱ्यांसाठी १०२४. चिपची सगळी रॅम २०४८ बाइट! म्हणजे पाहुणे दोन्ही खोल्या अडवून बसलेले आणि घरमालक जिन्यात. दोन्ही बफर ६४ वर आणले.

बोर्ड चालू केला. टर्मिनलवर 'हॅलो' यायचं, तिथे प्रश्नचिन्हं आणि चौकोन. नियमाप्रमाणे आधी टीएक्स-आरएक्सच्या (पाठवायच्या आणि घ्यायच्या) वायरींची अदलाबदल केली. आता चौकोनही येईनात. परत होत्या तशा लावल्या. केबल बदलली, यूएसबीचा कन्व्हर्टर बदलला, खुर्चीसुद्धा बदलून पाहिली.

शेवटी तिसऱ्या दिवशी वायरीतला सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप ओढून आणला. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा हवा. स्कोपवर ७१० चा! माझा यूआर्ट (चिपमधला सिरियल बोलणारा भाग) एखाद्या अध्यक्षीय भाषणाच्या चालीने एकेक बिट उच्चारत होता, आणि पलीकडचा बिचारा तेवढ्यात सात-सात बिट ऐकत होता.

बॉडचा हिशोब काढला. क्लॉकला, म्हणजे चिपच्या सेकंदाच्या ठोक्यांना, १६ गुणिले ९६०० ने भागायचं. १६ गुणिले ९६०० म्हणजे १,५३,६००. हे शाळेतलं पोरही सांगेल. पण जुन्या चिपवर इंट (पूर्णांकाचं भांडं) ३२ बिटांचा, माझ्याकडे १६ चा, आणि त्यात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. उतू गेलं ते गेलं, भांड्यात राहिले २२,५२८. एक कोटी साठ लाखांच्या क्लॉकला त्याने भागा. येतात ते हेच ७१०. उपाय काय, तर १६ च्या पुढे दोन अक्षरं : यूएल, म्हणजे 'मोठं भांडं घे'. तीन दिवस, दोन अक्षरं. आणि कंपायलरने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ३८ पैकी एकविसावी वॉर्निंग : गुणाकार इंटमध्ये मावत नाही.

'हॅलो' आलं. मी टाइप केलेलं मात्र बोर्डापर्यंत पोचेना. बाइट आल्याची खूण इंटरप्ट (बाइट येताच मधेच धावणारा कोड) एका व्हेरिएबलमध्ये करत होता आणि मुख्य लूप त्याची वाट बघत होता. पण व्हेरिएबलला 'व्होलाटाइल', म्हणजे 'हे बाहेरूनही बदलेल, दर वेळी बघ', लावलेलं नव्हतं. मूळ प्रोजेक्टात ऑप्टिमायझेशन (कंपायलरची काटकसर) बंद, म्हणून तिथे खपून गेलं. माझ्याकडे चालू. कंपायलरने पाहिलं, या लूपमध्ये तर हे कोणी बदलत नाही, मग दर वेळी उठून कशाला बघायचं? एकदाच बघितलं आणि निवांत फिरत बसला. यात त्याची चूक मला तरी दिसत नाही.

संध्याकाळी सगळं सुरळीत झालं. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून पाहिली, तर जशीच्या तशी उरलेली ओळ एकच : 'चालू कोड. हात लावू नये.'

रिपोर्टात 'जुना कोड वापरला का?' असा रकाना असतो. तिथे 'हो' लिहिलं. सरांनी वाचलं आणि मान डोलावली.

"बघ, म्हटलं नव्हतं? नवीन लिहीत बसला असतास तर तीन दिवस गेले असते."