चकोट केल्याने केस दाट येत नाहीत : माझ्याच मेसेजचा खुलासा

डेंग्यूनंतर केस गळत असतील तर एकदा चकोट करा, नवे केस दाट येतात, असा मेसेज मी गेल्या आठवड्यात टाकला होता. तो बराच फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

केस वाढतो त्वचेखालच्या मुळातून. वस्तरा फिरतो वरच्या निर्जीव भागावर. मुळाला त्याचा पत्ताही नसतो. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून खुंट राठ वाटतात, इतकंच. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच हे मोजून पाहिलं होतं : दाढी केल्याने वाढीचा वेगही बदलला नाही, जाडीही नाही.

मग चकोट केलेल्या माझ्या पुतणीचे केस परत कसे आले? मोठा ताप, बाळंतपण किंवा कडक डाएटनंतर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. बहुतेकांची गळती सहाएक महिन्यांत आपोआप थांबते. तिचे केस चकोट न करताही आले असते (बिचारीने उगीच ओढणी गुंडाळून कॉलेज केलं). गळती लांबलीच तर डॉक्टरांना दाखवा; हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासायला सांगतील.

बाळाचं जावळ जरूर काढा, त्याला हरकत नाही. पण जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.