स्टार्टिंग कर्नल, आणि पुढे सामसूम

आमच्या खान्देशात यंत्र बंद पडलं की ‘कशाने?’ असं कोणी विचारत नाही. ‘कोणी हात लावला होता?’ असं विचारतात. माझ्या बोर्डाला माझ्याशिवाय कोणीच हात लावलेला नव्हता. त्यामुळे घरच्यांपुरता तपास सुरू व्हायच्या आधीच संपला होता.

बोर्ड म्हणजे तळहातावर मावणारा संगणक. यावल तालुक्यातल्या नानांच्या केळीच्या बागेत ठिबकचे वॉल वेळेवर उघडायचे आणि मिटायचे, एवढंच त्याचं काम. मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ला टेकतो, केळीचं एकेक झाड रोज वीसेक लिटर पाणी पितं, आणि पाण्याची एक पाळी चुकली तर नाना चार दिवस कोणाशी बोलत नाहीत. खरं तर एवढ्या कामाला एखादा स्वस्तातला मायक्रोकंट्रोलर पुरला असता. पण नानांना पाण्याचे आलेख मोबाइलवर बघायचे होते, म्हणून लिनक्स ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचा गाभा म्हणजे कर्नल. शेतकऱ्याला आलेखाची चटक कोणी लावली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

नानांना घाई होती ती आखाजीची, म्हणजे अक्षय्यतृतीयेची. सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल आमच्याकडे तेव्हा संपतं आणि पुढच्या वर्षाची बोलीही तेव्हाच होते. वॉल फिरवायचं काम यंत्र करणार असेल तर सालदाराशी बोलताना नानांचा आवाज जरा चढा राहणार होता. म्हणून रोज सकाळी फोन.

“काय रे भो, झालं का?”

“नाही नाना, कर्नल सुरू होता होताच मरतोय.”

“मंग मी सालदार ठेवू का सोडू?”

लिनक्सच्या कर्नलवर जगभरात हजारो लोक काम करतात. त्यांच्यापैकी कोणाला हा प्रश्न आला असेल असं वाटत नाही.

आता हे मरण कसं असतं ते सांगतो. वीज आली की आधी यू-बूट नावाचा छोटा प्रोग्रॅम उठतो. तो कर्नल आणि डिव्हाइस ट्री रॅममध्ये आणून ठेवतो, ‘स्टार्टिंग कर्नल’ अशी घोषणा करतो आणि कारभार सोपवून मोकळा होतो. (डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय आहे, रॅम किती आहे, याची यादी. कर्नल ती डोळे मिटून खरी मानतो.) पुढे कर्नलने बोलायचं. तो बोलतोही भरपूर, पण सिरियल पोर्टचा (बोर्डाचं बोलणं तारेने लॅपटॉपवर आणणाऱ्या वाटेचा) ड्रायव्हर सुरू होईपर्यंत सगळं मेमरीतल्या एका बफरमध्ये लिहून ठेवतो. त्याआधीच गचकला तर लिहिलेलं तिथेच राहतं. लॅपटॉपवर ‘स्टार्टिंग कर्नल’, त्याखाली कर्सर, आणि त्या कर्सरकडे टक लावून बसलेला मी.

हे सगळं भरल्या घरात. आखाजीला दोन्ही बहिणी माहेरी आलेल्या, भाचे निंबाच्या झोक्यावरून भांडताहेत, स्वयंपाकघरात आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, गच्चीवर आईचे ज्वारीचे बिबडे वाळताहेत. येणारा प्रत्येक पाहुणा पाणी पिऊन माझ्या खोलीत डोकावणार. मोठे दाजी रेल्वेत आहेत. त्यांनी तीन वायरी बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “फॉरमॅट मारून पाहिलं का?” धाकट्या दाजींचा संशय उन्हावर होता, त्यांनी कूलर माझ्या टेबलाकडे वळवला, बोर्डावर पाण्याचे तुषार उडाले, आणि कूलर परत वळवण्यावरून दोघांत वाद झाला. भाच्याने विचारलं, “मामा, याच्यात गेम आहे का?” इतका सरळ प्रश्न दिवसभरात दुसऱ्या कोणी विचारला नाही.

मेलेल्याचं मनातलं वाचायची एक युक्ती आहे. वीज न तोडता नुसतं रीसेटचं बटण दाबलं तर रॅममधला मजकूर बहुतेक शाबूत राहतो. मग यू-बूटमध्ये थांबायचं, सिस्टिम.मॅप या फाइलमधून त्या बफरचा पत्ता काढायचा, तो आभासी पत्ता असल्यामुळे वजाबाकी-बेरीज करून खरा पत्ता मिळवायचा, आणि तिथली मेमरी छापायला सांगायची. मी गणित केलं, तपासलं, आज्ञा टाइप केली, एंटरवर बोट नेलं, आणि लाइट गेली.

लॅपटॉप बॅटरीवर होता. बोर्ड नव्हता. वीज गेली की रॅमला काहीही आठवत नाही. बाहेर भाचे “गेलीsss” म्हणून ओरडले, नेहमीप्रमाणे आनंदाने.

इन्व्हर्टर आहे, पण तो पंख्यांसाठी आहे आणि सणाच्या दिवशी त्याच्यावर जावयांचा हक्क पहिला. म्हणून मी सरळ दुसरी वाट धरली. अर्लीकॉन म्हणून एक सोय असते: ड्रायव्हरची वाट न बघता कर्नल पहिल्यापासून सिरियलवर बोलायला लागतो. बोर्ड देणाऱ्याने पाठवलेल्या कर्नलमध्ये ती बंद ठेवलेली. ती चालू करून कर्नल पुन्हा कंपाइल करायचा. लॅपटॉपचा पंखा घोंगावू लागला तसा आईचा आवाज आला, “रिकामा बसला आहेस ना? मग गच्चीवर जा, कावळे बिबडे नेताहेत.” कंपाइल होतंय म्हणजे मी काम करतोय, हे मी आईला कधीच पटवू शकलेलो नाही. काठी घेऊन गच्चीवर गेलो. एप्रिलअखेरच्या जळगावात दुपारी गच्चीवर उभं राहिलं की पेजिंग रिक्वेस्ट, नल पॉइंटर वगैरे गोष्टी आपोआप क्षुल्लक होतात.

संध्याकाळी कर्नल बोलला. धडाधड ओळी आल्या, आणि शेवटी ‘अनेबल टू हँडल कर्नल पेजिंग रिक्वेस्ट’ (म्हणजे भलत्याच पत्त्यावर हात घातला) म्हणून रजिस्टरांतल्या आकड्यांची भेंडोळी. एवढ्यावरही मी खूश, कारण आता प्रेत तरी मिळालं होतं. पत्ता धरून सोर्समधली ओळ काढली. ओळ निर्दोष. खात्रीसाठी तिच्याआधी एक प्रिंट (‘इथवर पोचलो’ असं छापणारी ओळ) घातला, तर कर्नल भलतीकडेच मेला. तिथे प्रिंट घातला, तर तिसरीकडे. मरणाची जागा अशी फिरायला लागली की कोड वाचणं सोडून मेमरीकडे बघायचं असतं. यू-बूटची मेमरी चाचणी एकेका तुकड्यावर लावली, प्रत्येक तुकडा पास.

मग रॅमच्या चिपवरची अक्षरं वाचायचं ठरवलं. ती इतकी बारीक की मोबाइलचा कॅमेराही हरला. पण जळगाव ही सोन्याची पेठ. सराफ बाजारातल्या मामांकडून हिरे बघायचं भिंग आणलं. मामांनी आधी स्वतः डोळ्याला लावून चिप निरखली आणि भाव विचारला. अक्षरांवरून निघालं ते असं: चिप ४ गिगाबिटची. आठाने भागा, ५१२ एमबी. आणि डिव्हाइस ट्रीत, यू-बूटच्या सेटिंगमध्ये, बोर्डाच्या कागदावर, सगळीकडे १ जीबी.

५१२ एमबीचे पत्ते २९ बिटांत संपतात. तिसावा बिट अशा बोर्डावर कुठेच पोचत नाही, म्हणून वरच्या अर्ध्या मेमरीतला प्रत्येक पत्ता खालच्या अर्ध्यातच जाऊन पडतो. पडताळा सोपा होता. खाली एका पत्त्यावर १२३४५६७८ लिहिलं, आणि बरोबर ५१२ एमबी वरच्या पत्त्यावर वाचलं. १२३४५६७८. मी ओरडलो. दोन्ही दाजी धावत आले. त्यांना वाटलं शॉक बसला.

नानांना फोनवर सांगितलं की नाना, शेत एकच आहे आणि सातबारे दोन निघालेत. कर्नल एका सातबाऱ्यावर पेरतो आणि दुसऱ्यावर नांगर घालतो. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या भाऊबंदकीत हेच झालं. तलाठ्याले धरलं का?”

तलाठ्याला, म्हणजे बोर्ड देणाऱ्याला, धरलं. मोठी चिप मिळत नव्हती म्हणून छोटी बसवली, एवढंच उत्तर आलं. कागद बदलायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं. कर्नलच्या कमांड लाइनवर ‘मेम=५१२एम’ टाकलं आणि तो सरसर पुढे गेला, सिरियलचा खरा ड्रायव्हर उठला, नेटवर्क उठलं, आणि मग ‘कर्नल पॅनिक’. या वेळी मात्र स्वच्छ शब्दांत कारणासकट: रूट फाइलसिस्टिम, म्हणजे बाकीच्या सगळ्या फाइली जिथे असतात ती जागा, सापडत नाही. असं शिस्तीत मरणारं माणूससुद्धा विरळा. दुरुस्ती जेवणाआधी झाली. मग रॅमच्या आकाराची ती एक ओळ, यू-बूटच्या सेटिंगमध्ये आणि डिव्हाइस ट्रीत दोन्हीकडे, कायमची नीट केली आणि आमरसाला बसलो.

बोर्डाचा डबा बसवायला बागेत गेलो तेव्हा आखाजी उलटून गेली होती. नानांनी सालदाराशी बोली कधीच पक्की केली होती, तीही वाढीव. तो बांधावर उभा राहून सगळं बघत होता. वॉल आपोआप उघडला, ठिबकच्या नळ्यांमधून पाणी टपकायला लागलं, नानांच्या मोबाइलवर आलेखाची रेघ वर चढली. सालदाराने डब्याकडे एकदा बघितलं.

“नाना, लाइट गेली तं वॉल कोन खोलीन?”

“तू,” नाना आलेखावरची नजर न काढता म्हणाले.