दोन टक्के हलले म्हणून काय?

अमेरिकेतल्या सर्वेक्षणात आकडा २ टक्के हलला की मतदाराचं मन बदललं, असं लेखात म्हटलंय. पटलं नाही बघा. थोड्याच लोकांना विचारतात, त्यामुळं आकडा थोडा इकडंतिकडं होणारच; एवढा फरक तर बहुतेक वेळा त्या संभाव्य चुकीच्या मर्यादेतच (मार्जिन ऑफ एरर) बसतो! २०१६ ला हिलरी क्लिंटनना देशभरात साधारण २८ लाख मतं जास्त पडली, तरी अध्यक्ष ट्रम्पच झाले, कारण तिथं राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांपैकी २७० लागतात. २०२४ ला आयोवा राज्यात मतदानाच्या तोंडावर एका नावाजलेल्या सर्वेक्षणात ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या कमला हॅरिस ३ टक्क्यांनी पुढं होत्या. ट्रम्प १३ नं जिंकले. माझा आतेभाऊ तिकडचा मतदार, तो अनोळखी नंबर उचलतच नाही, मग सर्वेक्षणवाल्यांना सांगणार काय (आपल्याकडं तरी कोण उचलतंय म्हणा). आणि इकडं कोल्हापुरात मिरजकर तिकटीला पोरं त्याच आकड्यांवर मिसळीच्या पैजा लावत्यात. लेखकानं निदान पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा चुरशीच्या राज्यांचे वेगळे आकडे तरी द्यायचे होते.