पण गणित नको हं!

भौतिकशास्त्र शिकलोय हे मी हल्ली कुणाला आपणहून सांगत नाही. सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "मग ते क्वांटम म्हणजे काय, ते जरा समजावून सांगा ना. पण गणित नको हं!" पोहायला शिकवा, पण अंग ओलं करू नका, अशातलाच हा प्रकार.

मी इतिहासातून शिरतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक विद्यार्थी असताना त्याला एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं की या विषयात आता नवं शोधण्यासारखं फारसं उरलेलं नाही. हे ऐकून समोरचा खुलतो. प्राध्यापक तोंडावर पडलेले कुणाला आवडत नाहीत? मग १९०० साल. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा हिशेब जुळेना, तेव्हा प्लांकने अगदी नाइलाजाने ऊर्जा ठरावीक हिश्शांत मोजली. असा एक हिस्सा म्हणजेच क्वांटम.

"हिस्सा केवढा?"

"तो ठरवणारा आकडा म्हणजे दशांशचिन्हानंतर ३३ शून्यं, मग..."

"गणित नको म्हटलं ना!"

बरं, राहिलं. मी प्रयोगाकडे वळतो. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडायचे, पुढे जायला दोन वाटा. पडद्यावर एकेक ठिपका उमटतो, आणि हजारो ठिपके जमले की पट्टे दिसू लागतात. जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हे करून दाखवलं. खरी गोम पुढेच आहे. काही जागी एकच वाट उघडी असताना इलेक्ट्रॉन पोचतात, आणि दुसरीही उघडली की तिथे जवळजवळ फिरकत नाहीत! वाट वाढवली आणि वर्दळ घटली.

"असं कसं?" समोरचा पुढे सरकून बसतो. इतका वेळ मी याच प्रश्नाची वाट पाहत असतो, आणि नेमकं इथेच माझं गाडं अडतं. कारण उत्तर असं की प्रत्येक वाटेची एक संख्या असते, ती उणेही असू शकते. आधी बेरीज करायची, मग तिचा वर्ग; इलेक्ट्रॉन तिथे पोचण्याची शक्यता तो वर्ग सांगतो. अधिक आणि उणे भिडले की शिल्लक शून्य. सगळी जादू त्या उणे चिन्हात, आणि त्याला प्रवेशबंदी! वर्गाची ही गोष्ट माक्स बॉर्नने १९२६ च्या आपल्या निबंधात मुद्रितं तपासताना तळटीपेत घातली. त्याच कामासाठी त्याला पुढे १९५४ चं नोबेल मिळालं. मला तळटीपेचीही मुभा नाही.

माझी चुळबुळ पाहून समोरचाच मदतीला येतो. "ते मांजराचं सांगा की!"

भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९३५ मध्ये ते कल्पनेतलं मांजर आणलं ते या कल्पना मोठ्या वस्तूंना सरसकट लावल्या तर काय हास्यास्पद प्रकार होतो ते दाखवायला. हे कुणी ऐकत नाही. जिवंत आणि मेलेलं मांजर एकाच वेळी चालतं. उणे संख्या मात्र पचत नाही. तरी मी सांगतो : पोलादी पेटीत मांजर, सोबत विषाची कुपी, आणि तासाभरात एखादा अणू फुटण्याची वा न फुटण्याची सारखीच शक्यता. अणू फुटला की कुपी फुटणार आणि मांजर मरणार.

"म्हणजे मांजर पन्नास टक्के जिवंत!" तो मांडीवर थाप मारतो. "एवढं सोपं होतं तर मघापासून घोळ कशाला घातलात?"

मी तोंड उघडणार, तोच पेटीला हवेसाठी भोकं ठेवली होती का, याची चौकशी सुरू झालेली असते.