आणखी एक युकुलेले घेऊ इच्छिणाऱ्यांस मार्गदर्शन

आपल्या घरी एक युकुलेले, म्हणजे गिटारसारखे दिसणारे चार तारांचे छोटे वाद्य, असेल आणि त्यावर ई मेजर हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, अजूनही नीट वाजत नसेल, तर दोष आपल्या बोटांचा नसून वाद्याचा आहे, हे सर्वप्रथम मनाशी पक्के करावे. सी मेजर हा कॉर्ड आपण एका बोटाने, खालच्या तारेचा तिसरा पडदा दाबून, पहिल्याच दिवशी वाजवला होता. तेव्हा बोटांच्या क्षमतेविषयी शंका घेण्याचे कारणच उरत नाही. रियाज करावा, असे काही जुन्या वळणाची माणसे सुचवतात. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु रियाजाला महिने लागतात आणि युकुलेले चार दिवसांत घरपोच येते.

आपल्याकडचे वाद्य बहुधा सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या आकारांतले सर्वांत लहान, असेल. त्याच्या तारेची बोलती, म्हणजे कंप पावणारी, लांबी सुमारे १३ इंच असते, त्याहून मोठ्या कॉन्सर्टची १५ आणि टेनरची १७. या तिन्ही आकारांतील तारा सामान्यतः त्याच चार सुरांत लावल्या जातात, म्हणजे सोप्रानोवर जे वाजवता येत नाही तेच कॉन्सर्टवर आणि टेनरवर, कोणतेही नवे शिक्षण न घेता, वाजवता येणार नाही. ही सोय फार थोड्या वाद्यांत आढळते. टेनरहून मोठ्या बॅरिटोनच्या तारा मात्र गिटारच्या बारीक चार तारांप्रमाणे लावतात. तो घेताना ‘गिटार शिकण्याची पूर्वतयारी’ हे कारण द्यावे, कारण घरात गिटार आधीच असली तरी ती कोणी वाजवत नसल्यामुळे हा युक्तिवाद सहसा खोडला जात नाही.

याखेरीज चौथ्या तारेचा प्रश्न आहे. परंपरेने ही तार तिच्या शेजारच्या तारेपेक्षा वरच्या सुरात लावतात आणि युकुलेलेचा खट्याळ, उसळता नाद त्यातूनच येतो. काही वादक मात्र तेथे खर्जातला जी हा सूर पसंत करतात. हा बदल करण्यासाठी केवळ एक तार बदलावी लागते आणि त्याला काही मिनिटे पुरतात. सुज्ञ संग्राहक या भानगडीत पडत नाही. तो खर्जातल्या जीसाठी स्वतंत्र टेनर घेतो.

लाकडाच्या बाबतीत तडजोड करू नये. कोआ हे झाड मूळचे फक्त हवाई बेटांवरचे असल्यामुळे त्याच्या अखंड लाकडाचे वाद्य महाग असते, आणि ते महाग आहे हेच ते घेण्याचे पुरेसे कारण आहे. त्याआधी महोगनी, स्प्रूस आणि सीडर यांच्या नादांतील सूक्ष्म फरक समजून घेण्यासाठी रात्री उशिरापर्यंत तुलनेचे व्हिडिओ ऐकावेत. मोबाइलच्या हरभऱ्याएवढ्या स्पीकरमधूनही कोआचा गोडवा ओळखता येऊ लागला, की आपण खरेदीस पात्र झालात असे समजावे. आंब्याच्या लाकडाचाही विसर पडू देऊ नये. ज्या झाडाच्या समिधा आपण होमात घालतो तेच झाड बाहेरून हवाईत गेले, तेथे रुजले आणि आता त्याची सुरेख रेघांची युकुलेले तेथे तयार होतात. त्यांपैकी एखादे, डॉलर मोजून, वर सीमाशुल्क भरून रत्नागिरीला आणणे, ही स्वदेशीची कल्पना थोडी ताणली असता तिच्यात बसते.

हवामान तर आपल्या बाजूनेच आहे. अखंड लाकडाचे वाद्य साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत सुखी असते. मुंबईत जुलै महिन्यात ते फुगते आणि नागपुरात मे महिन्यात तडकते. आर्द्रतामापक, सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलावा देणारी डबी एवढा सरंजाम केला, तरी पावसाळ्यात युकुलेलेची पेटी उघडण्याचा धीर होत नाही. साहजिकच पावसाळ्यापुरते एक प्लॅस्टिकचे युकुलेले लागते. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. सेल्मर कंपनीच्या प्रसिद्ध गिटारांचा आराखडा करणाऱ्या मारियो माकाफेरी यांनीच पुढे प्लॅस्टिकचे युकुलेले काढले आणि ते लाखोंनी खपले. आता उन्हाळा आणि पावसाळा यांची व्यवस्था लागली. हिवाळ्याचे काय, हा प्रश्न घरात कोणी उपस्थित करण्यापूर्वी आपणच करावा.

घरच्यांशी बोलताना इतिहासाचा आधार घ्यावा, कारण ‘वारसा’ हा शब्द निघाला की खर्चाचा विषय जरा मागे पडतो. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग हे जहाज मदेरा या पोर्तुगीज बेटावरून चारशेहून अधिक माणसे घेऊन हवाईतील होनोलुलूला पोहोचले. उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या त्या मजुरांत मानुएल नुनेस, ऑगस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितु सांतु हे तीन लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. त्यांनी मदेराच्या छोट्या तंतुवाद्यापासून हे वाद्य घडवले आणि हवाईचा राजा कालाकौआ याने त्याला दरबारात मान दिला. मार्टिन या अमेरिकन कंपनीने १९०७च्या सुमारास केलेली पहिली युकुलेले फसली, कारण ती गिटारसारखी जड बांधणीची झाली होती. १९१६च्या सुमारास तिने नव्याने सुरुवात केली आणि तिचे नाव झाले. मार्टिनलाही पहिल्या युकुलेलेवर थांबता आले नाही, तर आपण का थांबावे, असे नम्रपणे विचारावे. १९१६ मध्येच सॅम्युएल कामाका यांनी होनोलुलूत आपला कारखाना सुरू केला आणि पुढे अननसाच्या आकाराचे युकुलेले काढून १९२८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आपल्या भिंतीवर अननस नाही, ही उणीव पाहुण्यांच्या नजरेस आज ना उद्या येणारच.

थोरांची उदाहरणेही उपयोगी पडतात. ‘बीटल्स’ या वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांना युकुलेलेचे वेड होते आणि त्यांनी बरीच जमवून मित्रांना भेटही दिली, हे अवश्य सांगावे. ते ती वाजवतही असत, हा तपशील चर्चेच्या ओघात वगळला तरी चालतो. वाटून टाकण्याचे मात्र अनुकरण करू नये. पहिले स्वस्त युकुलेलेसुद्धा भाच्यासाठी राखून ठेवावे, मग तो भाचा अजून जन्माला यायचा असला तरी हरकत नाही. कोणी फारच टोकले, तर इंग्रजीभाषक वादक या अवस्थेला थट्टेने ‘युकुलेले ॲक्विझिशन सिंड्रोम’ (युकुलेले जमवण्याचा विकार) म्हणतात, ही माहिती गंभीर चेहऱ्याने द्यावी, कारण आपल्या समाजात उधळ्या माणसाला बोल लावतात आणि आजारी माणसाला फळे आणतात.

संग्रह डझनाच्या पुढे गेला, की सर्वांत मोठा लाभ पदरात पडतो. प्रत्येकाच्या चार तारा सुरात आणता आणता, आणि शेवटच्यापर्यंत पोहोचेतो पहिल्याच्या उतरलेल्या पुन्हा चढवता चढवता, संध्याकाळ संपते आणि ई मेजरची गाठ पडण्याची वेळच येत नाही. अशा वेळी एखादा पाहुणा भिंतीकडे पाहून ‘काहीतरी वाजवा की’ असे म्हणालाच, तर गांगरून जाऊ नये. नव्या नायलॉनच्या तारा बसायला आठवडा तरी जातो आणि तोवर त्या सुरात राहत नाहीत, हे शंभर टक्के खरे कारण त्याला द्यावे. तेवढ्या मुदतीत पुढचे पार्सल आलेच पाहिजे, म्हणून मागणी पाहुणा जिना उतरत असतानाच नोंदवावी.